गल्लीतली कचरा समिती मोडू देऊ नका

हुबळीचा कचरा कारवार रोडला जातो, धारवाडचा होसयल्लापूरला. आपल्यापैकी किती जणांनी ही दोन ठिकाणे जवळून पाहिली आहेत? उन्हाळ्यात ढीग पेटला आणि वारा वस्तीकडे फिरला की तेवढ्यापुरती त्यांची आठवण होते. पेपरात फोटो येतो, दोन दिवस खोकल्याची कुरकुर चालते आणि वळवाच्या पहिल्या सरीबरोबर विषय थंड होतो. टिपर दारातून हलला की कचरा संपला, असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात तो दुसऱ्या कोणाच्या तरी दारात जाऊन पडलेला असतो.

तो किती, याचा हिशेब फार अवघड नाही. २०११ च्या जनगणनेत हुबळी-धारवाडची लोकसंख्या ९,४३,८५७ होती. माणशी रोज चारशे ग्रॅम धरले तरी दिवसाला पावणेचारशे टन होतात. त्यानंतर शहर किती फुगले, हे गोकुळ रोड, नवनगर किंवा केलगेरीच्या बाजूला चक्कर मारली तर कोणालाही कळेल. या कचऱ्यातला निम्म्याहून अधिक भाग ओला असतो: भाजीचे देठ, चहाचा चोथा, उरलेला भात, केळीची साले. तो वेगळा हाती आला तर त्याचे खत होते. सुका वेगळा मिळाला तर त्यातला बराचसा भंगाराच्या गुजरीत विकला जातो. दोन्ही एकाच बादलीत पडले की कागद भिजतो, पुठ्ठ्याला भाव राहत नाही, ओल्यात काच आणि सेल मिसळतात आणि असले खत शेतकरी रानात टाकू देत नाही. मग त्या बादलीसाठी एकच रस्ता उरतो, कारवार रोड.

हा लेख त्या बादलीबद्दल आहे, आणि तिच्यासाठी दारोदार फिरणाऱ्या मूठभर माणसांबद्दल. आपल्या जोडशहरात कुठे निवृत्त मास्तर, कुठे महिला मंडळातल्या दोघी-तिघी, कुठे कॉलेजची पोरे स्वतःहून हे काम करतात. कोणी त्याला कचरा समिती म्हणते, कोणी नुसताच व्हॉट्सअॅप ग्रुप काढते. सुरुवातीला वीस जण असतात, सहा महिन्यांनी चार उरतात. ते चार जणही थकले की समिती मोडते आणि कोणाच्या ध्यानातही येत नाही. तशी ती मोडू देऊ नका, एवढेच सांगण्यासाठी हे लिहिले आहे.

पालिका कुठपर्यंत पोहोचते

हुबळी आणि धारवाड एक होऊन १९६२ मध्ये महानगरपालिका झाली. आज तिचे ८२ वॉर्ड आहेत. टिपर आहेत, पौरकार्मिक म्हणजे सफाई कामगार आहेत, स्मार्ट सिटीच्या पैशातून घरांच्या भिंतींवर बसवलेले आरएफआयडी टॅग आहेत. टॅगमुळे गाडी दारात आली की नाही, एवढे कंट्रोल रूमला कळते. बादलीत काय आहे, ते त्या टॅगला कळत नाही. जुना ढीग उपसून, चाळून, जमीन मोकळी करायलाही स्वच्छ भारतच्या दुसऱ्या टप्प्यात पैसा ठेवलेला आहे. पण एका बाजूने जुना ढीग चाळायचा आणि दुसऱ्या बाजूने रोज तसाच मिसळलेला कचरा आणून ओतायचा, तर ते काम कधी संपणार?

खरी गोष्ट अशी की कचऱ्याचा निकाल स्वयंपाकघरात, ओट्याखालच्या बादलीपाशी लागतो. तिथपर्यंत आयुक्त पोहोचत नाहीत, कॉर्पोरेटर पोहोचत नाही, टिपरवरची ध्वनिफीत तर नाहीच नाही. तिथपर्यंत पोहोचते ती शेजारीण. ‘काकू, पिशवीत सगळं एकत्र का हो बांधता?’ हे तीच विचारू शकते, कारण संध्याकाळी तीच काकूंकडे विरजण मागायला येणार असते. दंडाची पावती जे एकदा करते, ते ही ओळख रोज करते. म्हणून स्वयंसेवकांच्या समितीला पर्याय नाही.

सकाळी सातच्या सुमारास एखाद्या गल्लीच्या तोंडाशी दहा मिनिटे उभे राहून बघा. टिपर थांबतो. पौरकार्मिक अक्का दारादारातून बादल्या घेते. ‘हसी बेरे, ओण बेरे,’ म्हणते. ओला वेगळा, सुका वेगळा. कोणी ऐकते, कोणी गाठ मारलेली काळी पिशवी तिच्या हातात देऊन दार लावून घेते. ती पिशवी अक्का टिपरच्या कडेवर ठेवते आणि दोन्ही हातांनी फाडते. आतून ताकाच्या पिशवीला चिकटलेला भात, त्यात गुंतलेले केस, खाली पेढ्याचा तेलकट डबा, आणि सगळ्यात तळाला, कागदाच्या बोळ्यात, इन्सुलिनची सुई. हातमोजा असलाच तर पातळ रबराचा. सुई त्यातून आरपार जाते. टोचली तर हेपटायटिस ब, हेपटायटिस क, एचआयव्ही या तिन्हींच्या भीतीत तिला महिनोन्महिने तपासण्या करत राहावे लागते. ज्या घरातून ती सुई आली, त्या घराला याचा पत्ताही नसतो.

घरातला जोखमीचा कचरा

समितीचे काम म्हणजे ओला-सुका शिकवणे, असे बहुतेकांना वाटते. त्याहून निकडीचे काम आहे घरातला धोकादायक कचरा वेगळा काढण्याचे. तो वजनाने थोडा असतो, पण सगळ्या ढिगाला बाधतो. तो कोणता, आणि घरच्या घरी त्याचे काय करायचे, हे पाठ करून ठेवण्यासारखे आहे.

सुया आणि लॅन्सेट: फिनेलची किंवा फरशी पुसायच्या औषधाची जाड प्लास्टिकची रिकामी बाटली घ्यायची, सुई त्यात टाकायची, झाकण घट्ट लावायचे आणि बाटलीवर मोठ्या अक्षरात ‘सुया’ असे कन्नडमध्येही लिहायचे. घराघरात मधुमेही आहेत, त्यामुळे ही बाटली आता घरोघरी हवी.

ट्यूबलाइट आणि सीएफएल: एका सीएफएलमध्ये साधारण तीन ते पाच मिलिग्रॅम पारा असतो. फुटला तर झाडू मारायचा नाही, त्याने पारा पसरतो. खिडक्या उघडायच्या, मुलांना बाहेर काढायचे, जाड कागदाने तुकडे गोळा करायचे, बारीक चुरा चिकटपट्टीने टिपायचा आणि सगळे झाकणाच्या बरणीत भरायचे.

सेल आणि मोबाइलच्या बॅटऱ्या: लिथियमची बॅटरी दाबली गेली किंवा भोसकली गेली तर पेट घेते. टिपरमध्ये आणि ढिगात लागणाऱ्या आगींमागे हेही एक कारण असते. टोकांना चिकटपट्टी लावायची आणि बिस्किटांच्या जुन्या डब्यात साठवायच्या. कचऱ्याच्या बादलीत कधीही टाकायच्या नाहीत.

मुदत संपलेली औषधे, रंगाचे डबे, झुरळांच्या आणि ढेकणांच्या औषधांच्या बाटल्या, पाऱ्याचा जुना थर्मामीटर: हे सगळे एका खोक्यात, मुलांच्या हाताला लागणार नाही अशा ठिकाणी. बाटली धुऊन मोरीत पाणी सोडायचे नाही. मोरीचे पाणी नाल्याला जाते आणि नाला पुढे कुठे जातो, ते खाली सांगितलेच आहे.

सॅनिटरी पॅड आणि डायपर: वर्तमानपत्रात गुंडाळायचे आणि वर लाल ठिपका काढायचा, म्हणजे उघडून न बघताच कळते. ही लाल ठिपक्याची पद्धत पुण्यात कचरावेचक बायांच्या ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेने घरोघरी नेली. ठिपका काढायला एक स्केचपेन पुरते. पण तो ठिपका नसेल तर दुसऱ्या बाईला तुमच्या घरचे पॅड हाताने उचकून बघावे लागते.

२०१६ च्या घनकचरा नियमांनी घरात तीन भाग करायला सांगितले होते: ओला, सुका आणि घरगुती धोकादायक. त्याच नियमांत आणखी एक कलम होते, ते फारसे कोणी वाचले नाही. घरगुती धोकादायक कचरा जमा करण्यासाठी वीस चौरस किलोमीटरला एक केंद्र पालिकेने उघडावे आणि त्याच्या वेळा जाहीर कराव्यात, असे ते कलम. हुबळी-धारवाडचे क्षेत्र दोनशे चौरस किलोमीटरच्या वर आहे. म्हणजे किमान दहा-अकरा केंद्रे हवी होती. १ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या नियमांनी घरातले भाग चार केले आहेत: ओला, सुका, सॅनिटरी आणि विशेष काळजीचा. आता तुमच्या घराजवळचे केंद्र कुठे आहे, ते किती वाजता उघडते, हे एकट्याने विचारले तर टेबलाटेबलावर फिरावे लागेल. चाळीस घरांच्या सह्या घेऊन समितीने विचारले तर उत्तर टाळणे अवघड जाते. समितीचा उपयोग हा असा असतो.

नाला कुठे जातो

धारवाडला सोमेश्वराच्या देवळापाशी शाल्मला उगम पावते. तिचे पाणी पुढे बेडती आणि गंगावळी होऊन अरबी समुद्राला मिळते. आपल्या गटारात टाकलेली शाम्पूची पुडी पावसाळ्यात कुठल्या कुठे पोहोचू शकते, याचा विचार करायला हा नकाशा पुरेसा आहे. हुबळीत उणकल तलावाखालच्या नाल्याकाठी चालायला आणि सायकलला हिरवी वाट करण्याचे काम स्मार्ट सिटीने घेतले. वाट छान झाली तरी नाल्यात वरून थर्माकोल आणि पिशव्या येत राहिल्या, तर तिथे फिरायला जाणारा नाक दाबूनच फिरेल.

नाल्यातला कचरा जसा दुसऱ्याकडे जातो, तसाच गाडीतलाही. बेळगावची तुरमुरी आठवा. बेळगाव शहराचा कचरा या मराठी गावाच्या हद्दीत जातो. वासाची, माश्यांची, विहिरींच्या पाण्याची तिथल्या लोकांची तक्रार जुनी आहे. पुण्याचा कचरा वर्षानुवर्षे उरुळी देवाची आणि फुरसुंगीने सोसला, आणि शेवटी गावकऱ्यांनी गाड्या अडवल्या तेव्हा पुण्याला जाग आली. आपल्या मराठी माणसाला तुरमुरीबद्दल कळवळा वाटतो, तो खराच आहे. पण होसयल्लापूरच्या शेजारी राहणाऱ्या माणसाला तुरमुरीच्या माणसाइतकेच नाक आहे.

जिथे जमले तिथे काय झाले

बेंगळुरूची गोष्ट आपल्याला सगळ्यात जवळची. २०१२ मध्ये, जिथे शहराचा कचरा पडायचा त्या मावळ्ळीपुराच्या गावकऱ्यांनी विरोध केला, तिथला ढीग बंद झाला आणि बेंगळुरूच्या रस्त्यांवर कचऱ्याचे डोंगर उभे राहिले. त्याआधीपासून, २००९ पासून, काही स्वयंसेवक ‘सॉलिड वेस्ट मॅनेजमेंट राउंड टेबल’ या नावाने एकत्र येऊन अपार्टमेंटमधून वर्गीकरण शिकवत होते. शहर तोंडघशी पडले तेव्हा कामाला येईल अशी पद्धत त्यांच्याकडे तयार होती. डिसेंबर २०१५ मध्ये उच्च न्यायालयाने हिरवी बादली, लाल बादली आणि एक पिशवी अशी ‘टू बिन वन बॅग’ पद्धत शहराला घालून दिली. न्यायालयाच्या आदेशात जे आले, ते आधी काही बायकांच्या आणि निवृत्तांच्या बैठकांतून घडले होते.

पणजी शहर आपल्याहून लहान, पण तिथे रस्त्यावरच्या कुंड्या काढून टाकल्या गेल्या आणि सुका कचरा सोळा प्रकारांत वेगळा होऊ लागला. कोकणात वेंगुर्ल्यासारख्या छोट्या नगर परिषदेने कचरा वीसहून अधिक प्रकारांत वेगळा केला आणि डेपोची जागा लोकांनी बघायला यावे अशी केली.

पुण्याची गोष्ट थोडी सविस्तर सांगावी लागेल, कारण तिच्यात आपल्यासाठी इशारा आहे. १९९३ मध्ये कचरावेचकांची ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ उभी राहिली. बाबा आढाव आणि एसएनडीटी विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षण विभागातल्या कार्यकर्त्या तिच्या मागे होत्या. त्यातूनच ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था निघाली आणि २००८ मध्ये पुणे महापालिकेशी घरोघरच्या कचऱ्याचा करार झाला. पुढे साडेतीन हजारांहून अधिक कचरावेचक तिच्यात आले. घरे त्यांना महिन्याचे शुल्क देतात, त्या दारात वेगळा केलेला कचरा घेतात, सुका विकून त्यांची मिळकत होते. २०२० च्या अखेरीस करार संपला आणि मग काही काळ तुकड्या-तुकड्यांची मुदतवाढ सुरू झाली. इतके नाव कमावलेल्या व्यवस्थेलाही ‘चालू राहणार की नाही’ या टांगणीला लागावे लागले. तेव्हा तिच्या बाजूने उभे राहिले ते तिची सेवा घेणारे नागरिकच. त्यांनी पत्रे लिहिली, सह्या दिल्या. चांगली व्यवस्था आपोआप टिकत नाही. तिला वापरणाऱ्यांनी वेळेवर तोंड उघडावे लागते.

‘पण’ म्हणणाऱ्यांना

कचऱ्याचा विषय काढला की चार वाक्ये हमखास ऐकू येतात.

पहिले: ‘आम्ही कर भरतो, हे पालिकेचे काम आहे.’ उचलणे पालिकेचे काम आहेच. घरात वेगळे करणे हे तुमचे कर्तव्य म्हणून नियमातच लिहिलेले आहे. आणि कोणतीही पालिका दोन-तीन लाख घरांच्या ओट्याखाली माणूस नेमू शकत नाही.

दुसरे: ‘आम्ही वेगळे करतो, पण गाडीत सगळे एकत्रच टाकतात.’ हे ऐकून पुष्कळांनी वेगळे करणे सोडले. तक्रार अनेकदा खरी असते, आणि म्हणूनच समिती लागते. एकच घर ओरडले तर ड्रायव्हर खांदे उडवतो. गल्लीने महिनाभर रोजची नोंद ठेवली, कोणत्या तारखेला कोणत्या गाडीत काय एकत्र पडले ते लिहिले आणि ती वही आरोग्य निरीक्षकाच्या टेबलावर ठेवली, तर गाडीला मधली फळी बसते. समितीने ड्रायव्हरला शिव्या घालू नयेत, त्याला चहा विचारावा. त्याच्या गाडीला फळी नाही, हा त्याचा दोष नाही.

तिसरे: ‘वेळ नाही.’ ओट्याखाली एका बादलीऐवजी दोन ठेवायला आणि दुधाची पिशवी धुऊन वाळत घालायला दिवसात किती मिनिटे जातात, हे ज्याने केले आहे त्याला विचारा. दुधाच्या पिशवीचा कोपरा पूर्ण तोडू नका, अर्धवट कापून लटकता ठेवा. सुटा कोपरा कोणालाही वेचता येत नाही, तो नाल्यात किंवा गाईच्या पोटात जातो. पिशवीसकट आला तर तोही गुजरीत जातो. नंदिनीची पिशवी रोज फोडणाऱ्या घराला ही एक गोष्ट आजपासून करता येईल.

चौथे, आणि हे आपल्यातले खास: ‘आमचे कन्नड कच्चे आहे, पालिकेत जाऊन काय बोलणार?’ पिढ्यान् पिढ्या इथे राहून भाजी, डॉक्टर आणि रिक्षा कन्नडमध्ये निभावणाऱ्याने कचऱ्यासाठी ही सबब सांगू नये. शिवाय समितीत कन्नड शेजारी घ्या, उर्दू बोलणारा घ्या. कचरा समिती कुठल्याही एका समाजाची केलीत तर ती एकाच गल्लीत मरेल.

समित्या का मोडतात

हे स्पष्ट बोललेले बरे. बहुतेक समित्या कोणाच्या विरोधाने मोडत नाहीत, त्या आतूनच ढिल्या पडतात.

दोन ऑक्टोबरला झाडू घेऊन फोटो काढला जातो आणि पुढची बैठक दिवाळीनंतर ठरते. महाराष्ट्रात गाडगेबाबांच्या नावाच्या ग्रामस्वच्छता अभियानाने गावोगाव जीव ओतला होता. पण कित्येक ठिकाणी बक्षीस मिळेपर्यंत गाव झाडले गेले आणि परीक्षक परतले की उकिरडा परत जागेवर आला. कचऱ्याच्या कामाला समारंभ चालत नाही, वार लागतो. ठरलेला वार, ठरलेली वेळ, ठरलेली गल्ली.

सगळे एका माणसावर पडते. त्याच्या मुलाचे लग्न निघाले, गुडघे दुखू लागले किंवा बदली झाली की संपले. म्हणून समितीत कामाची वाटणी हवी. सेलचा डबा एकाच्या ओसरीवर, वही दुसऱ्याकडे, पालिकेशी बोलणे तिसऱ्याकडे, आणि वर्षाने माणसे बदललेली.

पैसा लाजत मागितला जातो. हातमोजे, डबे, छपाई, खतासाठी कोकोपीट यांना मोठी रक्कम लागत नाही, पण ती चौघांच्या खिशातून जाऊ लागली की कुरकुर सुरू होते. दर घरामागे महिन्याला थोडी वर्गणी आणि दर महिन्याला नोटीस बोर्डावर हिशेब, एवढे केले की संशय उरत नाही.

आणि कामाचे फळ दिसत नाही. ज्या कोपऱ्यावर लोक पिशव्या फेकतात, ज्याला पालिका ‘ब्लॅक स्पॉट’ म्हणते, जिथे कुत्री आणि डुकरे जमतात, तो एक कोपरा आधी साफ करा. तिथे रांगोळी काढा, दोन कुंड्या ठेवा, पहिले पंधरा दिवस सकाळी-रात्री आळीपाळीने उभे राहा. एक कोपरा सुधारलेला दिसला की पुढच्या गल्लीतली माणसे आपणहून विचारायला येतात.

स्वयंसेवक समितीला कायद्याचाही आधार घेता येतो. ७४ व्या घटनादुरुस्तीने तीन लाखांवर लोकसंख्येच्या शहरांत वॉर्ड समित्यांची तरतूद केली. कर्नाटकाच्या महानगरपालिका कायद्यातही त्या आहेत: कॉर्पोरेटर अध्यक्ष, सोबत वॉर्डातले नागरिक, त्यात महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींना जागा, रहिवासी संघटनांनाही जागा. घनकचऱ्यावर लक्ष ठेवणे हे या समितीचे एक काम आहे. आपल्या वॉर्डाची समिती कधी बसते आणि तिच्या इतिवृत्तात कचरा आहे की नाही, हे विचारा. गल्लीतल्या समितीचा एक माणूस त्या बैठकीत गेला पाहिजे. नुसत्या सदिच्छेवर चालणारी समिती एखाद-दोन वर्षे टिकते, इतिवृत्तात नाव आले की तिला मोडणे अवघड होते.

मराठी मंडळांना

आता आपल्या माणसांशी थोडे हक्काने. हुबळी-धारवाडात मराठा, भावसार, नामदेव शिंपी, देशस्थ अशा कितीतरी मराठी घरांनी मंडळे चालवली, शाळा काढल्या, उत्सव उभे केले. संघटना कशी करायची, हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

गणेशोत्सवाच्या वर्गणीसाठी मंडळाची पोरे एकही दार सोडत नाहीत. तीच पोरे तीच पावती-पुस्तके घेऊन दारोदार जातात, तेव्हा सोबत सेल टाकायचा डबा नेता येतो. घरात पडलेले जुने चार्जर, रिमोटचे सेल आणि बंद मोबाइल एका फेरीत गोळा होतील, आणि मंडळ ते एकगठ्ठा अधिकृत ई-कचरा घेणाऱ्याकडे देऊ शकेल. मांडवात थर्माकोल नको, निर्माल्य वेगळे, प्रसाद पानावर किंवा धुता येणाऱ्या ताटलीत, एवढा ठराव मंडळाच्या पहिल्याच बैठकीत करता येतो. एकदाच वापरून फेकायच्या कित्येक प्लास्टिक वस्तूंवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे, आणि कर्नाटकात तर त्याही आधी, २०१६ मध्ये, प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली. मांडवात त्या दिसल्या तर ती मंडळाची नामुष्की आहे.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला प्लास्टिकचे डबे आणि वाट्या वाण म्हणून वाटतो. पुढच्या वर्षी कापडी पिशवी वाटा, किंवा ‘सुया’ असे लिहिलेली जाड बाटली वाटा. ज्या घरात मधुमेही आहे, तिथे तिची आठवण वर्षभर निघेल. भिशीच्या बैठकीत पाच मिनिटे कचऱ्याला द्या: या महिन्यात गल्लीतून किती सुका गेला, कोण अजून काळी पिशवी देते, कोणाला मदत हवी. ज्या आजींना पिशव्या वेगळ्या करणे जमत नाही, त्यांचे काम शेजारच्या पोराने करावे. लाज त्यांना वाटू देऊ नका.

मागणे एवढेच

ज्यांच्या गल्लीत समिती आहे, त्यांनी या रविवारी तिच्या बैठकीला जावे. बैठक नसेल तर बोलवावी. जायचे ते सूचना द्यायला नको, एखादे काम अंगावर घ्यायला. सेलचा डबा तुमच्या दारात ठेवा, किंवा महिन्याची वही लिहा, किंवा दर बुधवारी टिपरसोबत अर्धी गल्ली चाला. यातले कुठलेही एक.

ज्यांच्या गल्लीत समिती नाही, त्यांनी तीन घरे धरून सुरुवात करावी. तीन घरांचा ओला-सुका महिनाभर वेगळा राहिला की चौथे घर विचारते.

कॉलेजच्या मुलांना सांगणे: विद्यापीठ असलेल्या, शिक्षणाचे माहेरघर म्हणून मिरवणाऱ्या शहरात तुम्ही राहता. हजेरीसाठी एनएसएसचे शिबिर करण्यापेक्षा एका वॉर्डाचा कचरा वर्षभर मोजा आणि तो आकडा महापालिकेच्या सभेत मांडा.

दुकानदारांना, गिरमिट-मिरचीच्या गाडीवाल्यांना, लाइन बाजारच्या पेढेवाल्यांना सांगणे: तुमच्या दारात एक सुक्याची टोपली ठेवा आणि ती संध्याकाळी रस्त्यावर न उलथता टिपरला द्या. गिऱ्हाईक तुमचे आहे, त्याने टाकलेला कागदही तुमचाच.

पालिकेला सांगणे: धोकादायक कचऱ्याची केंद्रे उघडा, त्यांचे पत्ते आणि वेळा वॉर्डावॉर्डात लावा, टिपरला वेगळे कप्पे द्या, पौरकार्मिकांना जाड हातमोजे द्या. समित्या तुमच्या विरोधात नाहीत. तुमचा माणूस जिथे पोहोचत नाही, तिथे त्या पोहोचतात. त्यांना बैठकीला बोलवा आणि त्यांचे म्हणणे इतिवृत्तात घ्या.

आणि ज्या चार-पाच जणांवर आज समिती उभी आहे, त्यांना सांगणे: तुम्ही एकटे पडला असाल, लोक तुम्हाला ‘कचऱ्यावाले’ म्हणून चिडवत असतील. तरी सोडू नका. बेंगळुरूत न्यायालयाच्या आदेशाच्या आधी सहा वर्षे काही जण हेच करत होते, आणि शहर अडले तेव्हा त्यांचेच काम कामी आले. कारवार रोडची आणि होसयल्लापूरची जागा काही कायमची पुरणारी नाही. उद्या एखाद्या गावाने गाड्या अडवल्या तर तुमच्या वहीत लिहिलेली पद्धतच या शहराला वाचवेल. आम्ही बाकीच्यांनी मात्र त्या दिवसाची वाट बघू नये. या रविवारी, आपापल्या गल्लीत, एक काम मागून घ्यावे.